बर्फावरचे नऊ दगड, आणि त्यांतला तिसरा

१९६९ च्या डिसेंबरात जपानच्या दहाव्या अंटार्क्टिका मोहिमेतली एक तुकडी किनाऱ्यावरचा श्योवा तळ सोडून खंडाच्या आत, बर्फाच्या पठारावर पोचली होती. ही माणसं काही शोधायला निघालेली नव्हती, मोजायला निघालेली होती. खंडभर पसरलेला तो बर्फाचा थर दर वर्षी समुद्राकडे किती सरकतो, एवढाच त्यांचा प्रश्न. बर्फात खांब रोवायचे, खांबाखांबांमधली अंतरं आणि कोन मोजायचे, वहीत टिपायचे आणि पुढच्या टप्प्याला लागायचं. काही वर्षांनी कुणीतरी परत येऊन तेच खांब मोजेल, तेव्हा कुठे बर्फाची चाल कळणार. अशी सुमारे अडीचशे किलोमीटरांची त्रिकोणांची साखळी त्यांना यामातो पर्वतापर्यंत नेऊन भिडवायची होती. रेंजी नारुसे हे या तुकडीतले हिमशास्त्रज्ञ.

यामातो पर्वताचा बहुतेक भाग बर्फाखाली आहे, वर दिसतात ती त्याची माथी. दक्षिणेकडून सरकत आलेला बर्फ या डोंगराला अडतो. अडलेल्या बर्फावर वारा वर्षभर घासत राहतो, नवं हिम टिकू देत नाही. त्यामुळे तिथे पांढरं भुसभुशीत हिम दिसत नाही. दिसतो तो जुना, दाबाखाली हवेचे बुडबुडे गेलेला, काचेसारखा कठीण आणि निळा बर्फ. २१ डिसेंबरला या निळ्या बर्फावर तुकडीतल्या लोकांना एक काळा दगड पडलेला दिसला.

तिथे दगड असायचं काही कारणच नव्हतं. पायाखाली शेकडो मीटर बर्फ. डोंगर जवळ होता, पण तो प्रवाहाच्या खालच्या अंगाला. त्याचा दगड प्रवाहाविरुद्ध वर चढून येणार कसा? वरच्या अंगाला तर क्षितिजापर्यंत बर्फच. म्हणजे दगड आला तो वरूनच, आभाळातून. आपल्याकडे दख्खनच्या काळ्या कातळाच्या मुलखात असा काळा दगड शेताच्या बांधावर पिढ्यानपिढ्या पडून राहिला, तरी कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. तिथे मात्र मुठीएवढा दगडही लांबून दिसतो. पुढच्या काही दिवसांत मोजणीचं काम चालू असतानाच, पाच बाय दहा किलोमीटरांच्या टापूत, असे नऊ दगड हाती आले. सगळ्यांत मोठा सुमारे सातशे ग्रॅमचा.

अंटार्क्टिकात अशनी सापडायची ही पहिली वेळ नव्हती. डग्लस मॉसन यांच्या मोहिमेतल्या फ्रँक बिकरटन यांच्या तुकडीला ५ डिसेंबर १९१२ रोजी आदेली लँडच्या बर्फावर साधारण किलोभराचा एक अशनी मिळाला होता. त्यानंतर जवळजवळ अर्धं शतक काहीच नाही. मग १९६० च्या दशकात रशियन आणि अमेरिकन तुकड्यांच्या हाती आणखी तीन लागले. सत्तावन्न वर्षांत चार जागी चार अशनी. आणि आता एकाच जागी नऊ.

हे १९६९ साल अशनींच्या अभ्यासकांसाठी विलक्षणच होतं. ८ फेब्रुवारीच्या पहाटे मेक्सिकोतल्या आयेंदे गावाच्या परिसरात कार्बनी जातीचा एक प्रचंड अशनी फुटून पडला. लोकांनी दोन टनांहून जास्त तुकडे गोळा केले. जुलैत माणूस चंद्रावर उतरला आणि तिथले दगड घेऊन आला. ते तपासायला जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळा आधीच सज्ज बसल्या होत्या. २८ सप्टेंबरला ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावावर आणखी एक कार्बनी अशनी पडला, आणि पुढे त्यात अमिनो आम्लं सापडली. या धामधुमीत टोकियोला पोचलेल्या नऊ काळ्या दगडांकडे जगाचं लक्ष गेलं नाही, यात नवल काही नाही.

शिवाय त्या नऊ दगडांचा एक साधा, पटण्याजोगा खुलासा होताच. मोठा अशनी वातावरणात शिरला की तापतो, फुटतो आणि त्याचे तुकडे काही किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात विखरून पडतात. आयेंदेला त्याच वर्षी हेच घडलं होतं. मग यामातोलाही एखादा अशनी कधीतरी फुटला, त्याचे नऊ तुकडे मिळाले, बाकीचे बर्फात गेले, असं कुणीही म्हटलं असतं. अनुभवी माणसाने तर आधी म्हटलं असतं. हा खुलासा खरा ठरता, तर या शोधाची जागा पुस्तकाच्या तळटिपेत असती.

तो खुलासा मोडला वर्गीकरणाने. वर्गीकरण म्हणजे शोध लागून गेल्यावर कुणीतरी बसून डब्यांना चिठ्ठ्या लावणं, असा आपला समज असतो. यामातोच्या बाबतीत दगड बर्फावर मिळाले १९६९ साली, पण शोध लागला तो त्यांची जात ठरली तेव्हा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दगडाची जात ठरवायची कशी? आधी त्याची एक पातळ चकती कापतात, काचपट्टीवर चिकटवतात आणि ती ०.०३ मिलिमीटर जाडीची होईपर्यंत घासत राहतात. एवढी पातळ झाली की काळ्याकुट्ट दगडातूनही उजेड पार जातो. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ती धरली की ऑलिव्हिन या खनिजाचे कण निळे, जांभळे, केशरी चमकतात, आणि त्यांत दिसतात बाजरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही बारीक गोल गोळे. हे कॉन्ड्रूल. सूर्यमाला घडत असताना वितळून तरंगत राहिलेले आणि झटकन गोठलेले थेंब. यांच्यावरूनच अशा दगडांना कॉन्ड्राइट म्हणतात. आपल्या बेसाल्टची अशीच चकती करून पाहिली तर त्यात लाव्ह्याचे स्फटिक एकमेकांत गुंतलेले दिसतील, पण कॉन्ड्रूल एकही दिसणार नाही. पृथ्वीच्या पोटात जे काही शिजून निघालं, त्यात ते थेंब कधीच विरघळून गेले.

कॉन्ड्राइटांमध्ये साधे कॉन्ड्राइट फार. डोळ्यांदेखत पडलेल्या अशनींपैकी चार-पंचमांश किंवा त्याहूनही अधिक याच जातीचे. कार्बनी कॉन्ड्राइट शंभरात चार-पाच. त्यांच्यातल्या सर्वांत आदिम गटाचे, आज ज्याला सीआय म्हणतात त्याचे, जगभरात पडताना पाहिलेले नमुने बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यांतला एक राजस्थानातला आहे. २२ जानेवारी १९११ रोजी टोंकजवळ पडलेल्या त्या अशनीचे अवघे काही ग्रॅम हाती लागले. पण त्यातल्या मूलद्रव्यांचं परस्परप्रमाण सूर्याशी जुळतं. हायड्रोजन, हेलियमसारखे वायू वगळले तर टोंकचा दगड म्हणजे गोठलेला सूर्यच.

या कार्बनी दगडांची पहिली नेटकी मांडणी केली फिनलंडच्या बिर्गर विइक यांनी, १९५६ साली. ते रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्यांचं विश्लेषण इतकं काटेकोर होतं की त्या आकड्यांवर पुढच्या पिढ्या विसंबून राहिल्या. त्यांनी तीन प्रकार केले. पहिल्यात पाणी वीस टक्क्यांच्या आसपास आणि कार्बन साडेतीन. दुसऱ्यात पाणी तेरा, कार्बन अडीच. तिसऱ्यात पाणी एक टक्का आणि कार्बन अर्धा. १९६७ मध्ये रँडल व्हॅन श्मस आणि जॉन वूड यांनी सगळ्याच कॉन्ड्राइटांसाठी एक चौकट आखली. आडव्या ओळीत रासायनिक गट, उभ्या ओळीत १ ते ६ अंक. अंक म्हणजे दगडाने मूळ ग्रहखंडात, म्हणजे ज्या लहान ग्रहाचा तो तुकडा त्यात, काय सोसलं त्याची खूण. तीनच्या खाली उतरावं तसं पाण्याने केलेले बदल वाढतात, तीनच्या वर चढावं तसा उष्णतेचा परिणाम वाढतो. कार्बनी दगडांसाठी त्यांनी सी१, सी२, सी३, सी४ अशी घरं ठेवली होती. यामातोचे दगड टोकियोला पोचले तेव्हा ही चौकट जेमतेम तीन वर्षांची होती.

नवांपैकी चार दगड आधी तपासले गेले. या कामात मासाको आणि माकोतो शिमा या रसायनशास्त्रज्ञ दांपत्याचा वाटा मोठा. पहिला दगड निघाला एन्स्टाटाइट कॉन्ड्राइट. ऑक्सिजनची इतकी वानवा असलेल्या जागी घडलेला, की त्यात लोखंड गंजायला जागाच मिळाली नाही. दुसरा डायोजेनाइट. हा कॉन्ड्राइटच नव्हे; एका लहान ग्रहाच्या पोटात वितळून, पुन्हा थिजून तयार झालेला खडक. तिसरा कार्बनी कॉन्ड्राइट, विइक यांच्या हिशेबाने तिसऱ्या प्रकारातला. चौथा साधा.

हे चौघं एका घरचे असू शकत नव्हते. एक वितळलेला, एक ऑक्सिजनाला पारखा, एक ऑक्सिजनात मुरलेला. सूर्यमालेत या चारही जणांचे जन्म वेगवेगळ्या अंतरांवर, वेगवेगळ्या ग्रहखंडांत झाले असणार. आणि चारातला फक्त एक साधा! जगभरात पडणाऱ्या दगडांचं प्रमाण पाहता हे विलक्षण होतं.

ऑगस्ट १९७३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला अशनींच्या अभ्यासकांचं आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं. तिथे शिमा यांनी यामातोच्या दगडांच्या विश्लेषणाचे निष्कर्ष मांडले. श्रोत्यांत पिट्सबर्ग विद्यापीठाचे विल्यम कॅसिडी बसले होते. अर्जेंटिनातल्या कांपो देल सिएलो इथल्या लोखंडी अशनींवर आणि त्यांनी पाडलेल्या विवरांवर त्यांनी अनेक वर्षं काम केलेलं. एका फुटलेल्या अशनीचे तुकडे जमिनीवर कसे विखुरतात, हे त्यांना पाठ होतं. म्हणूनच बहुधा त्यांना ती गोष्ट सभागृहातल्या इतरांपेक्षा जोरात लागली. चार जाती, म्हणजे चार वेगवेगळे वर्षाव. चार वर्षाव एवढ्याशा टापूत पडणं योगायोगाने शक्य नाही. मग त्यांना एकत्र आणलं कुणी? बर्फाने.

आज ही यंत्रणा सांगायला सोपी आहे. पठारावर पडणाऱ्या हिमात अधूनमधून एखादा अशनी पडतो. वर आणखी हिम साचतं, खालचं दाबून बर्फ होतं आणि अशनी पोटात घेऊन हजारो वर्षं किनाऱ्याकडे सरकत राहतं. बहुतेक अशनी अखेर समुद्रात जातात. पण वाटेत डोंगर आडवा आला की बर्फ थबकतो, वर उचलला जातो. कोरडा वारा त्याचा पृष्ठभाग दर वर्षी काही सेंटिमीटर उडवून नेतो. बर्फ पाणी न होताच वाफ होऊन जातो. दगड काही उडत नाहीत. वर्षानुवर्षं बर्फ जात राहतो आणि दगड मागे साठत जातात. खळ्यात वाऱ्यावर धान्य उफणताना भुसा उडून जातो आणि दाणे खाली राशीला लागतात, अगदी तसंच. इथे उफणणी चालू आहे ती हजारो वर्षं.

कॅसिडी अमेरिकेत परतले आणि अंटार्क्टिकात अमेरिकेच्या बाजूला, मॅकमर्डो तळाच्या परिसरात, असाच निळा बर्फ धुंडाळायचा प्रस्ताव त्यांनी सरकारी विज्ञान प्रतिष्ठानकडे पाठवला. तो नामंजूर झाला. दगड शोधायला माणसं विमानाने दक्षिण ध्रुवाकडे न्यायची, आणि तीही एका तर्काच्या जोरावर, हे परीक्षकांना पटलं नाही.

जपानमध्ये मात्र चाक फिरू लागलं होतं. १९७३ मध्ये दुसरी तुकडी तेच जुने खांब पुन्हा मोजायला गेली आणि परत येताना बारा अशनी घेऊन आली. त्याच वर्षी टोकियोत राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख ताकेशी नागाता. १९५६ मध्ये जपानची पहिली अंटार्क्टिका मोहीम यांनीच नेली होती. १९७४ च्या मोहिमेत केइझो यानाई हे भूशास्त्रज्ञ गेले ते अशनी शोधण्याचं काम ठरवूनच. त्या एका हंगामात यामातोच्या बर्फावर त्यांच्या तुकडीला ६६३ तुकडे मिळाले. त्या वेळी साऱ्या जगाच्या संग्रहालयांत मिळून सुमारे दोन हजार अशनींचीच नोंद होती, हे लक्षात घेतलं की या आकड्याचा अर्थ कळतो. ही बातमी अमेरिकेत पोचली, आणि आधी नाकारलेला प्रस्ताव मंजूर झाला. १९७६-७७ च्या हंगामात कॅसिडी बर्फावर उतरले ते यानाईंना बरोबर घेऊनच. ॲलन हिल्सच्या निळ्या बर्फावर त्यांनाही अशनी मिळाले. पुढे याच ॲलन हिल्सने चंद्रावरून आलेला पहिला ओळखला गेलेला अशनी दिला आणि मंगळावरचा ८४००१ क्रमांकाचाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चार जाती म्हणजे चार वर्षाव, हा १९७३ चा युक्तिवाद त्या काळी अभेद्य वाटला असेल, पण तो तसा नाही. ७ ऑक्टोबर २००८ रोजी सुदानच्या वाळवंटावर एक लहानसा लघुग्रह फुटला. त्याच्या एकाच वर्षावातून निरनिराळ्या जातींचे दगड मिळाले. त्यांत एन्स्टाटाइटही होते, साधेही होते. म्हणजे एका कुटुंबात अशी सरमिसळ होऊ शकते. यामातोच्या बाबतीत कॅसिडींचा निष्कर्ष बरोबर ठरला तो नंतरच्या पुराव्याने. पृथ्वीवर पडल्यानंतर दगडात अवकाशात असताना वैश्विक किरणांनी तयार झालेली किरणोत्सारी मूलद्रव्यं हळूहळू ओसरतात, त्यावरून तो कधी पडला हे काढता येतं. अंटार्क्टिकातले अशनी वेगवेगळ्या काळी पडलेले निघाले, काही तर लाखो वर्षांपूर्वी. तरीही दाव्होसच्या सभागृहात ती उडी घेण्याचं श्रेय कॅसिडींचंच. आणि त्यांच्या पायाखाली जमीन होती ती चार दगडांच्या जातीची.

आता त्या तिसऱ्या दगडाकडे वळू. माझं खरं मन त्याच्यात गुंतलेलं आहे.

त्याचं आजचं नाव यामातो-६९३. यामातो हे ठिकाण, ६९ हे साल, तीन हा क्रमांक. त्याला ‘कार्बनी, तिसरा प्रकार’ म्हटलं गेलं तेव्हा ते चूक नव्हतं. त्या वेळच्या चौकटीत तो बसत होता तिथे बसवला. पण नंतर चकत्या जास्त बारकाईने पाहिल्या गेल्या तसतसा हा दगड त्या घरात अवघडलेला दिसू लागला. आयेंदेसारख्या तिसऱ्या प्रकारच्या दगडात ऑलिव्हिनच्या प्रत्येक कणाची घडण वेगळी असते. एकात लोह जवळजवळ नाही, शेजारच्यात भरपूर. या दगडात सगळ्या कणांत लोहाचं प्रमाण जवळपास सारखं. म्हणजे दगड दीर्घकाळ तापत राहिला असणार आणि कणाकणांतलं लोह इकडून तिकडे पसरून समसमान झालं असणार. शुद्ध धातुरूप लोखंड जवळजवळ नाहीच. त्याच्या जागी मॅग्नेटाइट, म्हणजे ऑक्सिजनने पुरतं बांधलेलं लोखंड. आणि ऑलिव्हिनच्या कणांत मॅग्नेटाइटचे आणि निकेलयुक्त सल्फाइडचे इतके बारीक ठिपके, की जणू कुणी मिरपूड भुरभुरवली आहे. या दगडाचा काळा रंग आला तो मुख्यतः या ठिपक्यांतून.

कार्बनातून तो आलेला नाही. हा दगड जिथे पोचायचा होता त्या गटात कार्बन अगदी नावापुरता असतो, टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही बहुधा नाही. कित्येक साध्या कॉन्ड्राइटांत त्याहून जास्त सापडतो. ज्याच्यात कार्बन नाही त्याला कार्बनी म्हणायचं, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण हे नाव पडलं एकोणिसाव्या शतकात, आणि नंतर त्या नावाखाली जमलेल्या दगडांची खरी ओळख दुसऱ्याच गोष्टींनी ठरली. एक म्हणजे, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमसारखी उष्णतेला दाद न देणारी मूलद्रव्यं सिलिकॉनच्या तुलनेत किती आहेत. दुसरी म्हणजे ऑक्सिजन. त्याच्या तीन समस्थानिकांचं प्रमाण पृथ्वीवरच्या खडकांत एका ठराविक रेषेवर पडतं. १९७३ मध्येच, यामातोचे दगड दाव्होसला पोचले त्याच वर्षी, शिकागोच्या रॉबर्ट क्लेटन, लॉरेन्स ग्रॉसमन आणि तोशिको मायेदा यांनी दाखवलं की आयेंदेच्या दगडात अडकलेल्या पांढऱ्या कणांचा ऑक्सिजन त्या रेषेवर पडतच नाही. तेव्हापासून ऑक्सिजन हा अशनीच्या कुळाचा पुरावा ठरला. मायेदा जन्माने अमेरिकन, पण वाढल्या जपानमध्ये, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या हजारो लोकांबरोबर छावणीत डांबल्या गेल्या. त्या बाईंनी मग आयुष्यभर जगभरच्या अशनींमधला ऑक्सिजन मोजला, अंटार्क्टिकातल्याही. त्यांनी मोजला की लोक डोळे मिटून विश्वास ठेवत.

यामातोच्या तिसऱ्या दगडाशी मिळताजुळता एक दगड आधीपासून माहीत होता. २५ नोव्हेंबर १९३० च्या रात्री दक्षिण ऑस्ट्रेलियात करूंडा गावाजवळ एक अशनी पडला आणि ॲडलेडच्या अभ्यासकांनी तो शोधून काढला. व्हॅन श्मस आणि वूड यांनी सी४ या घरात बसवलेल्या मोजक्या अशनींत करूंडा होता. पण दोन दगडांचा गट होत नाही. तो योगायोग असू शकतो, एखादा विक्षिप्त अपवाद असू शकतो. गट म्हणायचा तर, रूढ संकेताप्रमाणे, एकमेकांशी जुळणारे आणि वेगवेगळ्या वेळी पडलेले किमान पाच नमुने लागतात. तोवर तो दगड ‘अवर्गीकृत’ किंवा शेजारच्या घरात पाहुणा.

हे पाच नमुने आले कुठून? बर्फावरूनच. यामातोवर एकट्या १९७९-८० च्या हंगामात साडेतीन हजारांहून अधिक तुकडे सापडले, ॲलन हिल्सवर शेकडो. एवढ्या ढिगात दुर्मीळ जातीचेही दोन-चार असणारच. फक्त ते ओळखणं सोपं नव्हतं. एकाच अशनीचे बर्फावर विखुरलेले वीस तुकडे म्हणजे वीस नमुने नव्हेत, एकच. म्हणून प्रत्येक तुकड्याची चकती पाहून ‘हा त्याचाच भाऊ की परका’ हे ठरवण्याचं कंटाळवाणं, डोळे फोडणारं काम आधी करावं लागतं. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रेगरी कॅलेमाइन, ॲलन रुबिन आणि जॉन वासन यांनी अशा दगडांची रासायनिक जुळणी तपासून नवा गट जाहीर केला. गटाचं पहिलं अक्षर कार्बनीचं, दुसरं करूंडाचं: सीके. सदस्य बहुतेक अंटार्क्टिकाचे. बर्फावरून उचलल्यावर बावीस वर्षांनी तिसऱ्या दगडाला अशी घराची पाटी मिळाली: सीके ४.

बर्फाने आणखीही घरं बांधायला लावली. ॲलन हिल्सवर सापडलेल्या, जेमतेम बारा ग्रॅमच्या ८५०८५ क्रमांकाच्या दगडातून सीएच हा धातूने भरलेला गट उभा राहिला. विइक यांच्या तीन प्रकारांच्या जागी आज आठ-नऊ गट आहेत, आणि कोणत्याही घरात न बसणारे दगड शिल्लक आहेतच.

करूंडानंतर सीके जातीचा अशनी पडताना माणसांना कळला तो थेट २६ सप्टेंबर १९९९ रोजी. जागा होती जपानमधलं कोबे शहर. सुमारे एकशे पस्तीस ग्रॅमचा तो दगड एका घराचं छप्पर फोडून आत पलंगावर पडला. नारुसे यांच्या तुकडीला जो दगड बर्फाच्या वाळवंटात मिळाला, त्याच जातीचा दगड तीस वर्षांनी त्यांच्याच देशात घराच्या आत आला. यात काही अर्थ शोधू नये हे मला कळतं. तरी हा तपशील पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

आणि ती पाटीही आता पक्की आहे असं नाही. सीके दगडांचा ऑक्सिजन आयेंदेच्या, म्हणजे सीव्ही गटाच्या ऑक्सिजनशी फार मिळतो. २०१० च्या सुमारास काही अभ्यासकांनी मांडलं की हे दोन गट मुळात एकाच ग्रहखंडाचे असावेत. वरचा, कमी तापलेला थर सीव्ही, आणि खोल, जास्त तापलेला थर सीके. दुसरे म्हणतात, दोघांच्या मॅग्नेटाइटमधलं क्रोमियमचं प्रमाण जुळत नाही, सबब दोन घरं वेगळीच. पहिला पक्ष बरोबर ठरला तर १९६९ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोत कोसळलेला अशनी आणि त्याच डिसेंबरात बर्फावर सापडलेला तिसरा दगड, हे एकाच ग्रहखंडाचे, वेगवेगळ्या खोलीवरून सुटलेले तुकडे ठरतील.

आपल्याकडे ६ जून २०१७ च्या पहाटे जयपूरजवळ मुकुंदपुऱ्यात कार्बनी अशनी पडला, तेव्हाही हेच सारं क्रमाने झालं: चकती, सूक्ष्मदर्शक, रसायन. उत्तर आलं सीएम २, मर्चिसनचा नातलग. तुकडे लगेच उचलले गेले, म्हणून पाऊसपाण्याने बिघडले नाहीत. अंटार्क्टिकाचे दगड मात्र लाखो वर्षं बर्फात राहूनही पुष्कळसे टवटवीत असतात. थंडी त्यांना राखते. आता तिथून आणलेले नमुने हात न लावता स्वच्छ पिशव्यांत भरतात, गोठलेलेच नेतात आणि कोरड्या नायट्रोजनमध्ये हळूहळू उबेला आणतात. १९६९ मध्ये ही शिस्त अजून जन्माला आलेली नव्हती.

त्या नवांपैकी पहिला दगड, एन्स्टाटाइटचा, २०११ साली पुन्हा बातमीत आला. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेतल्या केइको नाकामुरा-मेसेंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या एका कॉन्ड्रूलमध्ये टायटॅनियम आणि गंधक यांचं, निसर्गात तोवर न आढळलेलं एक खनिज दिसलं. नव्या खनिजाचं नाव त्यांनी ठेवलं वासोनाइट. ते जॉन वासन यांच्या नावावरून. वीस वर्षांपूर्वी तिसऱ्या दगडाचं घर ठरवणाऱ्या तिघांपैकी ते एक. वासन तेव्हा हयात होते. वासोनाइटचा तो कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही बारीक होता.